पौर्णिमेच्या पाण्यावरची जेट्टी

कोलशेतच्या खाडीवर पर्यटन आणायचं, असं एका सरकारी खात्याने आणि एका कंपनीने मिळून ठरवलं. जागा खात्याची, पैसा कंपनीचा आणि अक्कल कोणाचीच नाही. पाहणीला मंडळी आली ती नेमकी पौर्णिमेच्या दुपारी. खाडी काठोकाठ भरलेली. सगळ्यांनी फोटो काढले आणि त्या एका दुपारच्या पाण्यावर जेट्टीचा नकाशा आखून टाकला.

परशुरामने या खाडीत चाळीस वर्षं होडी वल्हवली होती. जेट्टीसाठी गावाचा जुना धक्का हवा होता, तो होडीवाल्यांचा म्होरक्या म्हणून त्याच्याच सहीने गेला. तुमच्याच होडीतून पर्यटक फिरतील, असं कंपनीच्या विनीतने त्याला सांगितलं होतं. तोवर होडी कंपनीच्या कुंपणाच्या आत राहील, वर रंगवूनही मिळेल. परशुरामला दुसरं काहीच नको होतं. आपली होडी पुन्हा पाण्यात उतरली की झालं.

उद्घाटनाची तारीख कळली तेव्हा त्याने कॅलेंडर पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“साहेब, त्या दिवशी अष्टमी हाय. दुपारी बाराला हितं पानी नसतं, निस्ता चिखल.”

“काका, आपल्याकडे रिपोर्ट आहे,” विनीत मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. “अडीच मीटर डेप्थ आहे इथे.”

अष्टमीला फीत कापली गेली, सनई वाजली आणि नवीकोरी लाँच चिखलात आडवी होऊन पडली. पाहुणे नाकाला रुमाल लावून जेवायला निघून गेले. परशुराम पोट धरून हसला.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. गाळ खात्याने काढायचा, असं कंपनी म्हणे. करारात गाळाचं नावच नाही, असं खातं म्हणे. कराराची अडीचशे पानं लिहिणाऱ्या त्या शहाण्यांना खाडीत गाळ असतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. ‘पूरक सुविधा’ म्हणून लग्नाच्या लॉनचं कलम मात्र चोख होतं. सहा महिन्यांत लॉन उभं राहिलं आणि कंपनी खाडीकडे ढुंकून बघेना. कशाला बघेल? लाँच चालो न चालो, लग्नं लागत होती.

“सही करताना हात झडला नाय तुमचा,” परशुरामची बायको तुळसा त्याला भाकरी वाढताना रोज ऐकवायची.

शेवटी तो होडी परत मागायला गेला. विनीत भलताच खुशीत होता.

“अहो काका, तुमची होडी तर हिट आहे! नवरा-नवरी तिथेच फोटो काढतात.”

होडी लॉनच्या मधोमध होती. गुलाबी रंगवलेली, आत काठापर्यंत माती, मातीत झेंडू. परशुराम गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी माती उपसू लागला.

“अहो, झाडं खराब होतील!” विनीत ओरडला. “आणि पाणी साचायची काळजी करू नका. तळाला सहा होल पाडून घेतलेत.”

परशुरामचा हात तळाला पोचला. एका भोकात त्याने अंगठा घातला. तो आरपार गेला आणि खालच्या हिरवळीला लागला.