पडद्याखाली गेलेले बटण

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पोलादपूरच्या बाजारपेठेत एक वाचनालय आहे. तिथे मासिकांच्या कपाटाशेजारी, भिंतीला टेकलेल्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझा मूळचा पांढरा रंग आता पिवळट पडला आहे. कीबोर्डवरची चार-पाच अक्षरे बोटांनी पुसून टाकली आहेत. मला सुरू केले, की मी थोडा वेळ घरघरतो आणि मगच जागा होतो. नवखी माणसे तेवढ्यात घाबरतात. मला ओळखणारी माणसे मात्र तोवर चहा पिऊन येतात.

माझा जन्म कुठल्याही मोठ्या कारखान्यात झाला नाही. महाडला एका गल्लीत भरत नावाच्या तरुणाचे छोटे दुकान होते. त्याने माझे भाग वेगवेगळ्या खोक्यांतून काढले आणि काउंटरवर वर्तमानपत्र पसरून मला जोडले. शेवटचा स्क्रू पिळून त्याने बटण दाबले, तेव्हा माझ्या पडद्यावर उजेड आला. दुकानात दुसरे कोणीच नव्हते. भरतने स्वतःच टाळी वाजवली. मी ऐकलेला पहिला आवाज तो.

तिथून मी महाडजवळच्या एका माध्यमिक शाळेत गेलो. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू लावले, नारळ फोडला. मुले चपला बाहेर काढून माझ्या खोलीत यायची आणि एका स्टुलावर दोघे-दोघे बसायची. सगळ्यांना आधी चित्रच काढायचे असे. चित्रातला सूर्य कधी जांभळा असायचा, तर कधी घराला दारच नसायचे. पुढे त्यातल्याच काहींनी माझ्यावर बसून दहावीचे निकाल पाहिले. "आपला पीसी एकदम फास्ट हाय!" असे कोणी म्हणाले, की माझा पंखा आनंदाने जोरात फिरायचा. अशी अकरा वर्षे गेली.

मग शाळेत नवे संगणक आले. मला सामानाच्या खोलीत, लेझिमांच्या पेटीवर ठेवले. माझ्या पाठीमागच्या फटीत पालीने अंडी घातली. तीन पावसाळे मी तिथेच काढले. कोणी दार उघडले, की वाटायचे, आता मला न्यायला आले. पण ते लेझिमा घेऊन जायचे.

मला तिथून बाहेर काढले ते सयाजी गुरुजींनी. ते त्याच शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ते पोलादपूरला आपल्या गावी आले आणि वाचनालय सांभाळू लागले. त्यांनी मुख्याध्यापकांकडे मला मागून घेतले आणि टेम्पोत पुढच्या सीटवर, मांडीवर धरून आणले. वाटेत आम्ही भरतच्या दुकानात थांबलो. त्याच्या केसांत तोवर पांढरे दिसू लागले होते. त्याने माझी धूळ फुंकली, एक-दोन भाग बदलले, नवे ब्राउझर घातले आणि म्हणाला, "गुरुजी, नीट वापरलात तर अजून पाच वर्षं काढेल."

ब्राउझर म्हणजे इंटरनेटची पाने उघडणारा माझा दरवाजा. या दरवाजातून मग माझ्याकडे अख्खा तालुका येऊ लागला. कोणाचा दाखला निघे, कोणाचे हॉलतिकीट, तर कोणाला मुंबईला जाणाऱ्या गाडीची वेळ हवी असे. मी पुन्हा उपयोगाचा झालो होतो.

आता त्या दिवसाची गोष्ट सांगतो.

माघ महिना होता. दुपारचे सव्वातीन वाजले असतील. वाचनालयात सयाजी गुरुजी होते आणि पंख्याखालच्या खुर्चीत नेहमीप्रमाणे मुरारीतात्या पेपर वाचत होते. तेवढ्यात पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई दारात आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पायांवर लाल धूळ.

"गुरुजी, म्या आवडी. जांभूळटेपची."

"या आवडीबाई, बसा."

"बसाया येळ नाय. पाच वाजंस्तवर हे पाठवायचं हाय."

जांभूळटेप ही कुडपण गावाच्या बाजूची, डोंगराच्या पोटाशी वसलेली तेरा घरांची वाडी. दोन वर्षांपूर्वी पावसात घरांच्या वरच्या अंगाला डोंगराला लांबलचक भेग पडली होती. तेव्हापासून पावसाळा आला, की वाडीतली माणसे भांडीकुंडी घेऊन शाळेच्या इमारतीत राहायला जायची. आता खाली सपाटीवर, धोका नसलेल्या जागी, सरकार त्यांना घरे बांधून देणार होते. यादी लागली, पण तिच्यात बाराच नावे होती. तेरावे घर आवडीबाईंचे. पाहणी करणारी माणसे आली, तेव्हा त्या मुलीच्या बाळंतपणाला मुंबईला गेल्या होत्या. कुलूप पाहून कोणीतरी "येथे कोणी राहत नाही" असे लिहून टाकले.

"चाळीस वरसं त्या घरात चूल पेटतीय माजी," आवडीबाई म्हणाल्या. "आन् म्हनं, कुनी ऱ्हात नाय."

हरकत नोंदवायचा तो शेवटचा दिवस होता आणि हरकत इंटरनेटवरच नोंदवायची होती. त्यांची मुलगी सोनाली मुंबईत एका कंपनीत कॉम्प्युटरवर माहिती भरण्याचे काम करायची. तिने दोन दिवस मोबाइलवर खटपट केली होती, पण शेवटची पायरी मोबाइलवर उघडतच नव्हती. स्टँडजवळचे फॉर्म भरायचे दुकान त्या दिवशी बंद होते. महाडला जाऊन दुकान शोधण्याइतका वेळ राहिला नव्हता. त्यामुळे सारी भिस्त माझ्यावर आली.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि ते माझ्यासमोर बसले. आवडीबाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, विजेचे बिल, चुलीपाशी काढलेला फोटो, असे एकेक करून सगळे चढवले. चार वाजता अर्ज पुरा झाला. गुरुजींनी "पुढे" वर क्लिक केले आणि काहीच घडले नाही.

पुन्हा केले. तरी काही नाही.

माझ्या वरच्या कोपऱ्यात एक बारीकशी खूण उमटली होती. मी मनातून ओरडत होतो, "गुरुजी, तिकडे बघा!" पण आम्हा यंत्रांना तेवढा आवाज कुठला? थोड्या वेळाने त्यांनाच ती दिसली. मुख्य पानातून कधीकधी आणखी एक छोटी खिडकी उघडते, तिला पॉप-अप म्हणतात. जाहिराती उघडू नयेत म्हणून ब्राउझर अशा खिडक्या अडवतो. गुरुजींनी या पानाला परवानगी दिली आणि खिडकी उघडली.

उघडली खरी, पण ती माझ्या पडद्यापेक्षा उंच निघाली! वर नाव, गाव, अर्जाची माहिती दिसत होती आणि खालचा भाग पडद्याच्या कडेखाली गेला होता. "सादर करा" हे बटण त्या खालच्या भागातच होते. गुरुजींनी माउसचे चाक फिरवले, पण खिडकी हलली नाही. धरून वर ओढली, तर ती पडद्याच्या वरच्या कडेला अडली. लहान करावी म्हटले, तर जी कड धरायची तीच दिसत नव्हती.

"काय झालं, गुरुजी?"

"बटण आहे आवडीबाई, पण दिसत नाही."

"मंग दाबायचं कसं?"

गुरुजींनी मला बंद करून पुन्हा सुरू केले. मी जमेल तितकी घाई केली. तरी माझी घरघर संपेपर्यंत सात मिनिटे गेली. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. आवडीबाईंच्या मोबाइलवर ओळख पटवायचा आकडा, म्हणजे ओटीपी, नव्याने आला, तो टाकून अर्ज उघडला. खिडकी पुन्हा तशीच! दुसऱ्या ब्राउझरने पाहिले, तिथेही तसेच.

मुरारीतात्यांनी पेपर खाली केला. "सयाजी, मी म्हणतो, हा डबा आता भंगारात दे. उगाच त्या बाईचं नुकसान नको."

माझ्या पडद्यावर साडेचार वाजले होते. मित्रांनो, सामानाच्या खोलीतली तीन वर्षे मला तेवढी जड गेली नाहीत, जेवढी ती दोन मिनिटे गेली. माझ्याच पोटात ते बटण होते आणि मला ते दाखवता येत नव्हते.

इतक्यात सोनालीचा फोन आला. कामातून पाच मिनिटे सुटी काढून तिने तो केला होता. आवडीबाईंनी फोन गुरुजींपुढे धरला.

"सर, दोन्ही ब्राउझरमध्ये सेम होतंय ना? मग ब्राउझर बिघडलेला नाय. कंट्रोल दाबून वजाचं बटण दाबा बरं."

गुरुजींनी दाबले. "अक्षरं बारीक झाली, पण बटण काही वर येत नाही."

"म्हणजे ते खिडकीच्या तळालाच चिकटवलंय. खिडकीच आपल्या स्क्रीनवर मावत नाय. पण सर, असं का? हे तर साध्या स्क्रीनवर मावायला पाहिजे. तुमचा स्क्रीन लहान आहे का?"

"नाही गं, चांगला मोठा आहे."

आवडीबाईंना वाचता येत नव्हते. त्यामुळे बाकीचे अक्षरे वाचत असताना त्या इतका वेळ माझ्याकडे नुसते पाहत होत्या. त्या पुढे झाल्या आणि माझ्या पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्याच्या चित्राकडे त्यांनी बोट केले.

"गुरुजी, हितली समदी चित्रं मोठी कशी वो? म्या गेल्या आठवड्यात पंचायतीत दोन तास उभी व्हते, तवा तिथल्या टीव्हीवर बी हाच डबा व्हता. बोटाच्या नखायेवढा. आन् हितं बगा, सुपारीयेवढा झालाय."

फोनमधून सोनाली जवळजवळ किंचाळली, "आये! थांब! सर, कोणी सेटिंगमध्ये जाऊन सगळंच मोठं केलंय का? दीडपट वगैरे?"

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "मीच केलंय."

दिवाळीनंतर मुरारीतात्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे होते. त्याआधी त्यांना छापील पेपर दिसत नव्हता, म्हणून ते माझ्यावर बातम्या वाचायचे. त्यांना सोपे जावे म्हणून गुरुजींनी माझ्यावरचे सगळेच दीडपट करून ठेवले. पुढे ऑपरेशन झाले, तात्या पुन्हा पेपर वाचू लागले आणि ती गोष्ट सगळेच विसरले. मीही विसरलो होतो. वस्तू मोठ्या झाल्या, की पडद्यावर कमी मावतात. खिडकी नेहमीच्या मापाने बांधलेली होती. माझ्यावर आली, तेव्हा तीही दीडपट झाली आणि तिचे पाय पडद्याबाहेर गेले.

"म्हंजे माझ्यामुळंच की रे सयाजी!" मुरारीतात्या खुर्चीतून उठून आले. "आणि मी याला भंगारात घालायला निघालो होतो."

"तात्या, ते नंतर. सोनाली, सांग गं."

"डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जा. दीडशे दिसेल, ते शंभर करा. झालं? आता ती उघडी खिडकी बंद करा आणि परत उघडा."

क्षणभर माझा पडदा काळा झाला. मग सगळे बारीक, नीटनेटके होऊन परत आले. गुरुजींनी "पुढे" वर क्लिक केले. खिडकी उघडली आणि या वेळी चारही बाजूंनी पूर्ण दिसली. तळाशी हिरवे बटण होते, "सादर करा".

"दिसलं!" गुरुजी म्हणाले. ते खुर्चीतून उठले. "आवडीबाई, तुम्हीच दाबा."

"म्या? काय बिगडलं तर?"

"काही बिघडत नाही. हा बाण तिथं आणून ठेवलाय. फक्त एकदा दाबा."

आवडीबाईंनी बोट पदराला पुसले. मग माउसवर तळहात ठेवला. शेताच्या कामाने राठ झालेल्या बोटाने त्यांनी बटण दाबले. एक बारीक टक् झाले. वर्तुळ फिरू लागले. ते फिरत असताना मी माझ्या सगळ्या ताकदीनिशी ते काम पुढे ढकलत होतो. मग पडद्यावर अक्षरे आली. गुरुजींनी ती मोठ्याने वाचली, "आपली हरकत नोंदवली गेली आहे."

आवडीबाईंच्या हातातल्या मोबाइलवर टिंग वाजले. त्यावरही तसाच संदेश होता. पाचला आठ मिनिटे होती.

तेव्हा कुठे आवडीबाई बसल्या. बाकावर नाही, तिथेच जमिनीवर, कपाटाला पाठ लावून. फोन अजून चालूच होता.

"आये, रडतेस काय गो?"

"नाय गो. पाय दुकतायत नुसते."

मुरारीतात्या स्वतः चहा सांगायला गेले. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हलकेच थाप मारली. गुरुजींनी खुर्चीवर मान मागे टाकून डोळे मिटले आणि एक मोठा सुस्कारा सोडला. माझा पंखाही हळूहळू शांत झाला. चहा आला. खोलीत कपबशांचा आवाज होऊ लागला, आणि तो फार गोड वाटत होता.

महिनाभराने दोन अधिकारी जांभूळटेपला गेले. त्यांनी आवडीबाईंची चूल पाहिली, शेजाऱ्यांचे जबाब घेतले. चैत्रात नवी यादी लागली. ती पाहायला आवडीबाई आल्या, तेव्हा बरोबर सोनाली आणि तिचे सात महिन्यांचे बाळ होते. गुरुजींनी यादी उघडली आणि तेरावे नाव वाचले. आवडीबाईंनी हात जोडले, कोणाला ते कळले नाही. बाळाने माझा कीबोर्ड दोन्ही हातांनी बडवला आणि यादी कुठल्या कुठे गेली. सगळे हसत सुटले.

मित्रांनो, माझे आता किती दिवस राहिले, ते भरतलाच ठाऊक. माझी तक्रार नाही. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. आमच्यासारखी यंत्रे अडली, की लगेच आदळआपट करू नका. आधी काय बदलले आहे, ते शांतपणे शोधा. कोणासाठी काही बदलले असेल, तर काम झाल्यावर ते पुन्हा होते तसे करा. आमची धूळ पुसा, वायरी ओढू नका. आणि तुमच्या खुर्चीमागे कोणी आपले काम घेऊन उभे असेल, तर एकदा मागे वळून त्याला विचारा, "तुम्हाला काय दिसतंय?" त्या दुपारी गुरुजींनी आवडीबाईंचे बोलणे ऐकून घेतले, म्हणून जांभूळटेपच्या नव्या वस्तीत आज तेरा घरांचे पाये खणले जात आहेत.