वाळक्या तळ्यातले मासे

बाबा झेफानियासने काचेची बरणी उंच धरली आणि लिंपोपो नदीकाठचं आमचं अख्खं गाव ओरडलं. काल सगळ्यांसमोर त्याने तीत आटलेल्या तळ्यातलं ढेकूळ टाकून पाणी ओतलं होतं आणि प्रार्थना केली होती. आज तीत काडीच्या टोकाएवढे मासे वळवळत होते.

"मेल्या मातीला जीव दिला, मग बाईच्या कुशीला नाही देणार?" बाबा गरजला. "फक्त एक गाय आणा. ती माझ्यासाठी नाही हो, पितरांसाठी! मी आपला दूध तेवढं पितो."

माझी त्साकानी वहिनी रडत होती. तिला मूल नव्हतं. घरात एकच गाय, तिनेच वासरापासून वाढवलेली.

"उद्या सकाळी देते," ती म्हणाली.

"बाबा, उद्यापर्यंत एक काम करा," मी म्हटलं. "आत्याच्या शेतातल्या मातीवर प्रार्थना करा. तळ्याच्या मातीला आमची आत्या शिव्या देईल."

"शेताच्या मातीत श्रद्धा नसते!"

"तिच्यातलाच मका कालपासून चापतोयस की मेल्या!" मिहलोती आत्या कडाडली.

गाव हसलं. बाबाला नाही म्हणता येईना. एका बरणीत शेताची माती, दुसरीत तळ्याची टाकून पाणी ओतलं. तो पहिलीसमोर डोळे मिटून पुटपुटला. आत्या दुसऱ्या बरणीवर वाकली. "ऐतखाऊ चिखला, बेडकं नाचोत तुझ्या छाताडावर!" मग दोन्ही बरण्या चर्चमध्ये कुलपात ठेवल्या.

सकाळी बाबाच्या बरणीत चिखल होता आणि आत्याच्या बरणीत मासे.

"आता मलाही गाय द्या!" आत्या म्हणाली.

मी सांगितलं, "हे मासे तळं आटायच्या आत गाळात अंडी घालतात आणि मरतात. अंडी कोरड्या मातीत महिनोन् महिने तग धरतात. पाणी लागलं की फुटतात. त्यांना प्रार्थनाही ऐकू येत नाही आणि शिव्याही."

"अगं बाई!" आत्याने कपाळावर हात मारला. "भिंती लिंपायला हीच माती भिजत घालतो, तेव्हा घमेल्यात हेच वळवळतात. आम्ही कोंबड्यांपुढे टाकतो!"

बाबा तोवर गुंडाळलेला झगा काखेत मारून रस्त्याला लागला होता.

वहिनी मात्र हसली नाही. "मग माझं काय?"

"दवाखान्यात जा. चमत्कारापुढे हात जोडण्याआधी तो तपासायचा, आणि दुखण्याचं कारण शोधायचं. तुम्हा दोघांचीही तपासणी करून घ्या."

इतका वेळ सगळ्यांत मोठ्याने हसणारा दादा एक पाऊल मागे सरला. "मी कशाला?"

वहिनीने डोळे पुसले आणि त्याचा हात धरला. "चला. आधी तुमचीच करू."