पाणी जास्त प्यायली

"पान एकोणीस. 'आज पाणी जास्त प्यायली. उन्हामुळे?' हे अक्षर तुमचंच ना, मावशी?" फोनवर विमा कंपनीतली मुलगी गोड आवाजात विचारत होती.

"माझंच."

"तारीख विम्याच्या तीन महिने आधीची आहे. गर्भाशयात पू झाला की कुत्री पाणी जास्त पिते, असं तुमच्या डॉक्टरांनीच लिहिलंय. म्हणजे आजार आधीपासूनचा. दावा बसत नाही."

"अगं, दुसऱ्या दिवशी ती नेहमीएवढंच प्यायली, तेही लिहिलंय. आणि असा पू तीन वर्षं अंगात घेऊन कुठली कुत्री जगते?"

"पण प्रश्नचिन्ह तुम्हीच घातलंय ना, मावशी?"

तिने एकतीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासलं होतं. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह घालायचं, ही तिथली शिस्त. कंपनीने फक्त विमा सुरू झाल्यापासूनच्या नोंदी मागितल्या होत्या. तिने ठिपकीच्या रोजच्या नोंदींच्या वहीचे पहिल्या पानापासून सगळे फोटो पाठवले. अर्धवट नोंद तिला खोटं बोलण्यासारखी वाटली होती.

जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर नवरा शेजारीच बसला होता.

"काय म्हणते तुझी कंपनी?"

"नाही म्हणते."

"तरी मी सांगत होतो."

तीन वर्षांपूर्वी ती ठिपकीच्या विम्याचा अर्ज भरत होती, त्याच दिवशी त्याने तेवढ्याच हप्त्याची ठेव बँकेत उघडली होती. "बघू, कोण शहाणं ठरतं," म्हणाला होता. घर तिच्या निवृत्तिवेतनावर चाले. तिच्याजवळ शिल्लक अशी नव्हतीच.

डॉक्टर बाहेर आले. "आज ऑपरेशन केलं तर वाचेल. उद्याचं सांगता येत नाही."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुमची ठेव आहे ना. खर्चाला पुरते."

"सोमवारी मुदत भरते. चार दिवसांसाठी मोडायची? व्याज बुडेल की!"

"चार दिवस ती काढणार नाही."

"मग मी जिंकलो ते कशाला?" तो डॉक्टरांकडे बघून हसला. "बारा वर्षांची झाली हो. आमची ही प्रयोगशाळा जरा हट्टी आहे."

डॉक्टर हसले नाहीत. ते तिला म्हणाले, "मग इंजेक्शन देऊ? असं तळमळत ठेवू नका तिला."

तिने मान डोलावली.

टेबलावर ठिपकीने तिला ओळखून एकदा शेपूट हलवली. तिने ठिपकीच्या मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि ठोके मोजले. थांबेपर्यंत मोजले.

सोमवारी तो बँकेतून परतला तो आरामखुर्ची घेऊनच. घरात उजेडाची जागा एकच, खिडकीखालची. तिथलं ठिपकीचं पोतं त्याने पायाने बाजूला सारलं आणि तो खुर्चीत रेलला.

"नुसत्या व्याजात निघाली बघ."

ती कोपऱ्यातल्या ठिपकीच्या पाण्याच्या भांड्यापाशी वाकली होती. सकाळी मोजून भरलेलं पाणी तिने पुन्हा मोजपात्रात ओतलं.

"आता गं काय मोजतेस?"

तिने वही उघडली. सकाळी सहाशे मिलिलिटर. संध्याकाळी पाचशे पंच्याऐंशी. पंधरा हवेत उडून गेलं, असं तिने लिहिलं. पुढे प्रश्नचिन्ह घातलं नाही.