अनुभवाचा रकाना

१९८१ साली गोपीनाथ सरांनी मला लिहिलेल्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. सर कोल्हापूरच्या एका महाविद्यालयाचे ग्रंथपाल. त्यांच्या हाताखालच्या जागेसाठी मी अर्ज केला होता आणि अनुभवाच्या रकान्यात ‘विशेष काही नाही’ असं लिहिलं होतं. सरांनी कळवलं, ‘गावच्या वाचनालयातली चार हजार पुस्तकं तुम्ही एकट्यानं विषयवार लावलीत, ती मी पाहिली आहेत. तेच लिहा. सोबत कोरा अर्ज पाठवतो. वीस तारखेपर्यंत वाट पाहीन.’ स्वतःबद्दल असं लिहिणं मला बढाई वाटली. वीस तारीख गेली आणि मग लाजेनं काहीच लिहवेना. मी पंचायत समितीत कारकून झालो आणि तिथूनच निवृत्त झालो.

हल्ली मी मुलाकडे, मोहालीच्या एअरोसिटी वसाहतीत असतो. खालच्या मजल्यावर साताऱ्याकडची आश्लेषा राहते. नवरा हवाई दलात. एका सकाळी ती लॅपटॉप घेऊन वर आली. जवळच्याच डेराबस्सी गावातल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा निघाली होती. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत.

“काका, तुम्ही एवढं वाचता. जरा नीट करून द्या ना. चार ठिकाणांहून साधा नकारही आला नाही. हेही गेलं तर मी नाद सोडणार. पक्कं!”

मी अर्जासोबतचं पत्र नीट केलं. ‘माझा अनुभव तोकडा असला तरी, आपण संधी दिल्यास आजन्म ऋणी राहीन,’ वगैरे. तिनं वाचलं आणि खो खो हसली.

“काका, मी नोकरी मागतेय की माफी?”

मला हसू आलं नाही. माझ्याकडे देण्यासारखं एवढंच होतं की काय, असं वाटलं. अर्ज पाहिला तर त्यात एकच नोकरी होती, लग्नाआधीची पुण्यातली.

“आणि नंतरची नऊ वर्षं?”

“बदल्या हो! जोधपूरला चौदा महिने, तेजपूरला वर्षभर. असल्या तुटक नोकऱ्या काय लिहायच्या? लोकांना वाटेल, ही कुठे टिकतच नाही.”

“तिथं काय करायचीस?”

“विशेष काही नाही.”

मी लॅपटॉप बाजूला सरकवला. मग विचारलं, “जोधपूरला सकाळी कामावर गेल्यावर पहिल्यांदा हातात काय घ्यायचीस?”

“पाण्याचे नमुने. रोज तीस-बत्तीस. एकदा तर एक यंत्रच चुकीचे आकडे देतंय, हे मी पकडलं होतं. साहेब म्हणत होते, तुझंच चुकलं.”

“हे लिही.”

“इतकं बारीक?”

“इतकंच बारीक.”

दोन दिवस आम्ही तेच केलं. गाव, महिने, तिनं स्वतः केलेलं काम. प्रत्येक नोकरी सोडण्याचं कारण सरळ लिहिलं: पतीची बदली. माझं ऋणी राहणं मी स्वतःच खोडलं. शुक्रवारी साडेतीनला अर्ज गेला.

मुलाखतीत वीस मिनिटं त्या जोधपूरच्या यंत्राबद्दलच विचारलं म्हणे. नोकरी लागली. ती बर्फी घेऊन आली आणि वाकून नमस्कार करायला लागली.

“अगं, मला नको. हे माझं नाही.” मी कपाटातून सरांचं पत्र काढून तिला दिलं.

तिनं दोनदा वाचलं. “तुम्ही काय उत्तर दिलंत?”

“दिलं नाही.”

“चव्वेचाळीस वर्षं? काका, कमाल आहे तुमची! आहेत ना ते?”

“आहेत. सांगलीला, मुलीकडे.”

“मग पत्र मला कसलं दाखवताय? बसा आणि लिहा.”

मी बसलो. चार कागद फाडले. माझी अडचण, माझा संकोच, सगळं गाळत गेलो तेव्हा शेवटी एवढंच उरलं: ‘सर, वीस तारखेपर्यंत तुम्ही माझी वाट पाहिलीत. माझ्यासाठी असं कुणी थांबलं नव्हतं. तुमचं सांगणं मी ऐकलं नाही, पण एका मुलीला सांगितलं. तिनं ऐकलं. तिला नोकरी लागली. तुमचे फार उपकार आहेत.’

दुसऱ्या दिवशी ती मला टपाल कार्यालयात घेऊन गेली. काउंटरवरची बाई म्हणाली, “अंकलजी, जिनको भेज रहे हो, उनका मोबाइल नंबर?”

माझ्याकडे नव्हता. तिनं माझाच लिहून घेतला, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.