तेलाच्या भिंतीवरचा चौक

मित्रांनो, मी रंगाचा एक जुना ब्रश आहे. अंबाडीजवळच्या एका पाड्यावर, बारक्याच्या घराच्या कौलाखाली मी खोचलेला असतो. माझे केस एकमेकांना चिकटून लाकडासारखे झाले आहेत. मला कुणी टाकून देत नाही आणि वापरतही नाही. बरंच आहे म्हणा, कारण समोरची भिंत दिसली की मला अजून लाज वाटते.

पूर्वी मी असा नव्हतो. निजामपुऱ्यातल्या एका दुकानात दोरीला टांगलेला असायचो. समोरच्या कारखान्यात दिवसभर कापड विणणारे लूम खडखडायचे. गिऱ्हाईक माझे केस तळहातावर फिरवून म्हणायचं, "मऊ हाय." मी खुलायचो. थोडा शिष्टच होतो मी तेव्हा.

एके दिवशी बारक्या आला. तो मानकोलीच्या गोदामात हमाली करायचा. कुडाची भिंत पाडून त्यानं विटांची नवी भिंत बांधली होती, वर सिमेंटचं प्लास्टरही केलं होतं. त्याच्या मुलीचं, धाकलीचं लग्न ठरलं होतं.

"लाल रंग द्या, गेरूसारखा. पोरीचं लगीन हाय," तो म्हणाला.

"ऑइल पेंट देऊ की डिस्टेंपर?" दुकानदारानं विचारलं. "ऑइल पेंट तेलाचा, थोडा महंगा पडेल. डिस्टेंपर पाण्यात कालवायचा, सस्ता."

"पान्याचा मंजे पान्यानं जाईल ना?"

"घासला तर जाईल. तेलाचा टिकतो. ओलं फडकं मारा, वर काय राहत न्हाय."

बारक्याला लेकीच्या लग्नात काहीच हलकं नको होतं. त्यानं तेलाचा डबा घेतला आणि मलाही घेतलं. दुकानदार खोटं काही बोलला नव्हता. पण त्या भिंतीवर पुढे काय लिहायचं आहे, ते बारक्यानं सांगितलं नाही आणि दुकानदारानं विचारलं नाही.

मी जीव ओतून काम केलं. भिंत अशी चकाकली की पाड्यावरची पोरं तिच्यात तोंड बघायला आली. संध्याकाळी बारक्यानं मला बादलीतल्या पाण्यात खळबळलं आणि कौलाखाली खोचून ठेवलं. तेलाचा रंग पाण्यानं कसा निघणार? त्याला टर्पेंटाइन लागतं, ते कुणी आणलंच नव्हतं. मी वाळत गेलो.

या पाड्यावर लग्नाआधी भिंतीवर देवीचा चौक, म्हणजे चौकोनात देवीचं चित्र, लिहितात. सवाशिणी बांबूची काडी तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बुडवून तो लिहितात, आणि तो झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. चौकाचा मान बारक्याच्या थोरल्या बहिणीचा, गोदूचा होता. सगळ्या पाड्यावर तिच्याच हातचे चौक.

गोदूनं पहिली रेघ ओढली. रेघेचे थेंब झाले आणि खाली ओघळले. तिनं पीठ दाट केलं, पुन्हा ओढली. पुन्हा तेच. गाणाऱ्या बाया गप्प झाल्या.

गोदूनं आपला हात उलटसुलट करून पाहिला. "देवी माज्या हातानं बसत न्हाय," ती म्हणाली. काडी सुपात ठेवून ती ओट्यावर जाऊन बसली आणि हात पदराखाली घेतले. दुसरी कुणी काडीला शिवेना.

हळद लागलेली धाकली तिच्या मागे आली. "आत्या, आता माजा लगीन न्हाय व्हनार?"



बारक्या दारातच उभा होता. त्याचा चेहरा मला वरून दिसत होता. चूक कुठे झाली ते त्याला समजलं होतं. पण बाहेर नवऱ्याकडची माणसं बसली होती, आणि सकाळीच त्यांनी भिंतीचं कौतुक केलं होतं. तो गप्प राहिला. मी तर गप्पच होतो. आतल्या बाया कुजबुजत होत्या, गोदूकडून काय पाप घडलं असेल म्हणून.

शेवटी तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "बाय, तुजा हात बरा हाय. रंग तेलाचा हाय. त्यावर पीठ थांबत न्हाय."

"कवा कलला तुला?"

"पैला थेंब उतरला तवाच."

गोदूनं पदराखालचे हात बाहेर काढले. बारक्या उठला आणि विटेच्या तुकड्यानं आपली चकाकती भिंत खरवडू लागला. भिंत खरखरीत झाल्यावर गेरू लावायला त्यानं मला उचललं. मी ओरखडे काढले फक्त. मला बाजूला टाकून बायांनी शेण आणि गेरू हातांनीच सारवला. मग गोदूनं चौक लिहिला. तो टिकला, धाकलीचं लग्न लागलं.

मित्रांनो, तेलाचा रंग लावलात तर ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुवा, पाण्याचा लावलात तर पाण्यात, आणि लगेच धुवा. भिंतीवर पुढे काय करायचं आहे, ते आधी दुकानदाराला सांगा. एवढं केलंत तर माझ्यासारख्या ब्रशाचं आयुष्य वाढेल. पण चूक लक्षात आल्यावर तोंड उघडायला लागणारा वेळही वाचवा, कारण तेवढ्या वेळात काय होतं ते मी पाहिलं आहे.

पुढे बारक्याच्या मुलाचं, विवेकचं लग्न निघालं. तीच भिंत, गेरूनं सारवलेली. गोदूनं काडी घेतलीच नाही आधी. कोपऱ्यात बोटानं पिठाची एक रेघ ओढली आणि ती खाली ओघळते का, ते बघत उभी राहिली. रेघ जागची हलली नाही. तरी तिनं आणखी एक ओढून पाहिली. मागे उभ्या बारक्यानं मान खाली घातली.