चाळीस करडं

“चाळीस आहेत,” बेर्दिबेकनं खोकं बाकावर ठेवलं. “सगळ्यांवर चारचे आठ कर. शुक्रवारी माणूस येतोय.”

कुल्झिपा आपायनं डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं, वरचं एक कार्ड उचललं आणि त्याच्या पंख्यात फुंकर मारली. काळी धूळ उडाली ती थेट माझ्या चहात.

“हे चारचेच आहेत,” ती म्हणाली.

“मला माहीत नाही होय? म्हणून तर तुझ्याकडं आणले.”

“चारचे आहेत म्हणजे चारचे आहेत, बेर्दिबेक.”

माझा गाळा त्यांच्या शेजारचा. मधली प्लायवूडची भिंत कमरेइतकीच आहे. एकिबास्तुझच्या बाजारात मी अठरा वर्षं प्रिंटरची शाई भरतोय, त्यामुळे माझी बोटं काळी आणि कान लांब झाले आहेत. मी चहातली धूळ बोटानं काढली आणि ऐकत राहिलो.

आमच्या गावात खाणी दोन प्रकारच्या. एक कोळशाची. दुसरी नाण्यांची, म्हणजे संगणकावर आभासी नाणी काढायची. या दुसऱ्या खाणीत माणसं उतरत नाहीत, पडद्यावर चित्र उमटवणारी ही कार्डं उतरतात. मोठ्या पत्र्याच्या गोदामात शेकड्यानं रांगेत बसून ती रात्रंदिवस आकडेमोड करायची. मग विजेचे नियम बदलले, गोदामं बंद पडली आणि कार्डं बाजारात आली. प्रत्येक कार्डाच्या अंगावर नखाएवढी, आठ पायांची एक चिप असते. तिच्यात त्या कार्डाची कुंडली लिहिलेली असते: नाव काय, स्मरणशक्ती किती गिगा, वीज किती खायची, पंखा केव्हा फिरवायचा. ही कुंडली वाचायला आणि बदलायला आमच्या गावात एकच हात होता. आपायचा.

आपाय आम्ही वयानं मोठ्या बाईला म्हणतो. पण बाजारात नुसतं ‘आपाय’ म्हटलं की कुल्झिपाच. वय अठ्ठावन्न. बावीस वर्षं वीजकेंद्रात मोजमापाची यंत्रं दुरुस्त केली, मग तिथून कमी केलं. पेन्शनला अजून तीन वर्षं होती. थोरल्या बहिणीच्या मुलानं, म्हणजे या बेर्दिबेकनं, तिला आपल्या दुकानात बाक दिला. बाजार त्याला आदरानं ‘बेके’ म्हणतो. तिनं कधी म्हटलं नाही. ज्याचा शेंबूड पुसला त्याला बेके कसं म्हणायचं, असं तिचं म्हणणं.

“मावशी, हे बघ,” बेर्दिबेक खुर्ची ओढून बसला. “खाणीत पाठवताना याच कार्डांचा वेग तूच वाढवलास. वीज तूच कमी केलीस. तेव्हा चाललं. स्वभाव बदलायला हरकत नाही, नुसता आकडा बदलला की पाप?”

“तो वेग त्याला पेलत होता. ज्यानं कार्ड घेतलं त्याला ठाऊक होतं काय केलंय ते. आता जे त्याच्या पोटातच नाही ते मी कपाळावर कसं लिहू?”

“कोण पोट फाडून बघतंय?”

“कोणाला देतोयस?”

“तंत्रशाळेला. पोरं नकाशे काढायला शिकतात तिथं.”

आपाय हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. चार खोल्यांच्या घरावर आठ खोल्यांची पाटी लावली तर पाचव्या खोलीत शिरणारा भिंतीवर आपटणारच. साध्या कामाला कार्ड चालतं, कोणाला संशयही येत नाही. परीक्षेच्या दिवशी मोठा नकाशा उघडला की पडदा काळा. मग मास्तर मुलांना ओरडणार, तुम्हीच काहीतरी केलंत म्हणून.

“नाही करणार,” ती म्हणाली.

तेव्हा बेर्दिबेकनं हुकमाचा पत्ता काढला. आमच्यात बहिणीचा मुलगा आजोळी आला आणि त्यानं काही मागितलं, तर नाही म्हणत नाहीत. चाळीस करडं मागण्याचा त्याचा हक्कच असतो. हल्ली करडं कोण मागतंय, पण हक्क आहे तो आहे.

“मामा गेला,” तो म्हणाला. “आजोळचं म्हणून तूच उरलीस. जन्मात तुझ्याकडं काही मागितलं नाही. आज भाचा म्हणून मागतोय. ही माझी चाळीस करडं समज. आणि नाही म्हणालीस तर पावलोदारला एक पोरगा आहे, तो करेल. पण मग हा बाकसुद्धा त्यालाच द्यावा लागेल.”

हे तो इतक्या गोड आवाजात बोलला की धमकी आहे हे मला दोन घोट चहा झाल्यावर कळलं.

बुधवारी तिची थोरली बहीण ओरिंशा, बेर्दिबेकची आई, आली. सोबत बाउर्साक, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, तेही गरम. माझ्यासमोरही तिनं मूठभर ठेवले, म्हणून मी तिच्याविरुद्ध फार बोलत नाही.

“भाच्याला नाही म्हणतेस?” तिनं बसल्याबसल्याच सुरुवात केली. “बापाच्या घरात कोणी असं केलं होतं?”

“बापानं कोणाला खोटं विकलं होतं?”

“त्याच्या डोक्यावर दुकानाचं भाडं आहे, तुला काय? एकटा जीव. आणि लक्षात ठेव, भाच्याला दुखावणाऱ्याचा हात थरथरतो. लोक उगाच नाही म्हणत. तुझं तर सगळं पोट हातावर.”

आपायनं तेव्हा चिमटा चिपवर लावलेला होता. आठ बारीक दात आठ पायांवर बरोबर बसावे लागतात, एक जरी सरकला तरी वाचन चुकतं. तिनं चिमटा सोडला आणि हात समोर धरून बघितला. बोटं खरंच किंचित हलत होती.

“वय झालं,” ती म्हणाली. “आणि तुझे बाउर्साक तुपकट आहेत, चिमटा निसटतो. घरी जा, ओरिंशा.”

बहीण रडत गेली. त्यानंतर सबंध दुपार बाजारातला एकेक जण येऊन आपायला शहाणपण शिकवून गेला. केबलवाला म्हणाला, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. मोबाइलवाली म्हणाली, आपाय, आकडाच तर आहे. मीही म्हणालो. खोटं कशाला बोलू? मी भिंतीवरून वाकून म्हणालो, “आपाय, तीन वर्षं निघाली पाहिजेत ना पेन्शनपर्यंत. या गावात अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला कोण बाक देणार?”

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “तोलेगेन, तू शाई भरतोस तेव्हा निम्मी भरून पूर्ण म्हणून देतोस का?”

“नाही.”

“का नाही देत?”

मी मान खाली घालून पुढचं कार्ट्रिज उघडलं. संध्याकाळी दुकान बंद करताना तिनं बेर्दिबेकला सांगितलं, “खोकं राहू दे. शुक्रवारी तुझ्या माणसासमोर देते.” त्यानं मावशीच्या कपाळाला ओठ लावले. मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं, पण हायसं जास्त.

गुरुवारी ती सकाळी आली ती उठलीच नाही. एकेक कार्ड घ्यायची, आधी त्यातली कुंडली वाचून जपून ठेवायची, कागदाच्या पट्टीवर क्रमांक लिहून कार्डाला चिकटवायची, मग नवी लिहायची, मग पुन्हा वाचून ताडून बघायची. वीजकेंद्रातली सवय. शेवटी डाखणीनं, म्हणजे डाख द्यायच्या तापत्या सळईनं, काहीतरी टेकवायची आणि वर काळ्या गोंदाचा थेंब सोडायची. मी विचारलं, हा गोंद कशाला? ती म्हणाली, “थंडी फार आहे.” 

शुक्रवारी तंत्रशाळेचे मास्तर आले. जुमागाली आगाय, रेखाटन शिकवतात; मास्तरांना आम्ही आगाय म्हणतो. माझ्या मोठ्या मुलालाही त्यांनीच शिकवलं. कोटावरचं बर्फ झटकून त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. बेर्दिबेकनं आपायच्या हातून खोकं घेतलं, वरचं कार्ड संगणकात बसवलं आणि म्हणाला, “आगाय, स्वतःच बघा. आठ गिगा, नव्यासारखं.”

बटण दाबलं. यंत्र सुरू होताना, बाकी काही दिसायच्या आधी, कार्ड आपली ओळख स्वतःच सांगतं. काळ्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक पांढरी ओळ येते. एरवी ती कोणी वाचत नाही. पण मास्तर माणूस, लिहिलेलं दिसलं की वाचणारच. त्यांनी मोठ्यानं वाचलं.

“चार गिगा. खाणीत राबलेलं. धडधाकट आहे.”

बेर्दिबेकनं कार्ड उपटून दुसरं बसवलं. तीच ओळ. तिसरं. तीच.

“काहीतरी बिघाड दिसतोय,” तो म्हणाला.

“बिघाड नाही,” आपाय बाकावरून म्हणाली. “मी लिहिलंय. चाळीसही कार्डांवर हेच आहे. वेग, वीज, पंखा, सगळं मुळात होतं तसं परत केलंय. चारच्या कामाला उत्तम चालतील, आगाय. आठच्या कामाला घेऊ नका.”

“मावशी,” बेर्दिबेकचा आवाज चिरकला, “मी तुझ्याकडं हक्कानं मागितलं होतं.”

“मागितलंस ते दिलं. चाळीस करडं मागितलीस, चाळीस दिली, दिवसभर खपून दिली. आजोळ कमी पडलं असं कोणी म्हणू नये. पण करडांना घोडे म्हण असं सांगशील तर आजोळसुद्धा ‘नाही’च म्हणेल. तुझा मामा असता तर त्यानंही नाही म्हटलं असतं, आणि वर कानाखाली दिली असती. हात थरथरला असता तरी.”

मास्तरांनी टोपी फिरवत माझ्याकडं बघितलं. “तोलेगेन, तू शेजारी बसतोस. तुला हे माहीत होतं? आठचे म्हणून मला द्यायचे होते का?”

बेर्दिबेक माझ्याकडं बघत होता. आपायही बघत होती. माझ्या गाळ्याची वीज त्याच्या मीटरवरून येते.

“मी शाई भरतो, आगाय,” मी म्हणालो. “मला यातलं कळत नाही.”

मास्तर उठले. कागदावर आठचे मंजूर आहेत, चारचे घेता येत नाहीत, एवढंच ते म्हणाले. दारात मात्र थांबले आणि आपायला नमस्कारासारखी मान लववून गेले. तिनं भिंग, चिमटा आणि डाखणी रुमालात बांधली. बेर्दिबेकनं जा म्हणायची वाट बघितली नाही. माझ्या गाळ्यासमोरून गेली तेव्हा मी शाईची बाटली हलवत होतो. ती हलवायची काहीच गरज नव्हती.

पुढच्या आठवड्यात पावलोदारचा पोरगा आला. त्यानं एक कार्ड घेतलं, गोंदाचा थेंब खरवडला, भिंगातून बघितलं आणि शीळ घातली. चिपवर पुन्हा काही लिहिता येऊ नये म्हणून तिचा एक पाय डाखून कायमचा बांधलेला होता. “हे सोडवायला कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त मजुरी लागेल, बेके,” तो म्हणाला. “आणि ज्या हातानं केलंय त्यावर मी हात घालणार नाही.” पोरगा गेला. खोकं पडून राहिलं. खाणीत राबलेलं म्हणून तोंडानं सांगणारं कार्ड घ्यायला कोणी येईना.

मग बेर्दिबेक भिंतीवरून वाकला. “तोके,” असं त्यानं मला आदरानं म्हटलं, पहिल्यांदाच. “तुझं ऐकेल ती. सांग, बाक तिचाच आहे. आठ नको लिहू. चारच राहू दे. फक्त ते खाणीचं तेवढं पुसून टाक. पेन्शनपर्यंत कोणी उठवणार नाही, शब्द देतो.”

मला ते रास्त वाटलं. शपथेवर सांगतो, अगदी रास्त वाटलं. अर्धं तिचं, अर्धं त्याचं.

रविवारी दुपारी मी पाव आणि साखर घेऊन तिच्याकडं गेलो. तिसरा मजला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं चिमटा मांडला होता. कोणाचा तरी जुना रेडिओ उघडा पडला होता. तिनं तो बाजूला सारला, मला खिडकीजवळची जागा दिली, लोणी काढलं. मी बेर्दिबेकचा निरोप सांगितला. सगळा, एकही शब्द न गाळता. मग माझ्या पदरचंही घातलं: “आपाय, एक ओळ तर आहे. आणि तुम्ही जिंकलातच की.”

तिनं माझा पेला पुढं ओढला. पेल्यात आधी दूध घातलं, मग किटली उचलली. आमच्यात पाहुण्याला चहा अर्धाच ओततात, तळाशी थोडासा, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागतो आणि बसून राहतो. जितका कमी तितका मान. काठोकाठ भरलेला पेला कोणी सहसा देत नाही; दिला तर त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो, की हा पी आणि ऊठ.

ती ओतत राहिली. मी पेल्याकडं बघत होतो. अर्ध्यावर आला, वर आला, काठाला लागला, तेव्हा तिनं किटली खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी पेला माझ्यापुढं केला. एक थेंबही सांडला नाही.

चहा फार गरम होता. मी तो हळूहळू संपवला, टोपी घेतली आणि निघालो.