सात नंबरचा खांब

चेतनाने सहीसाठी पेन उघडलं, तोच चांदसाबांनी कागदावर पंजा ठेवला.

“म्याडम, सात नंबरबी बघा की.”

टॉवेलच्या त्या कारखान्याला महिन्यापूर्वी आग लागली. सूत जळालं, पत्रे वाकले. काँक्रीट भरलेले बारा पोलादी खांब मात्र उभे राहिले. त्यांच्यात किती दम उरलाय, हे तपासायला मालक गुरुशांतने इंजिनिअर चेतनाला बोलावलं होतं. तिने बाराही खांबांचं पोलाद पाहिलं, ओळंबा लावला, दोन खांबांतून काँक्रीटचे नमुने काढून तपासून घेतले. सगळं ठीक निघालं. सही झाली की माग सुरू आणि चाळीस माणसं पुन्हा याच छपराखाली.

हे खांब बावीस वर्षांपूर्वी चांदसाबांनीच वेल्डिंग करून उभे केले होते. सातवा भरताना निम्म्यावर काँक्रीट संपलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचा मुहूर्त, जुन्या मालकाची घाई. चांदसाबांनी वर झाकण ठेवलं आणि जोडून टाकलं. हे ठाऊक होतं ते त्यांना आणि काँक्रीट ओतणाऱ्या हरिबा गवंड्याला. पोकळ पाइप आगीत भरलेल्यासारखा टिकत नाही, असं चेतनाच्या तोंडून ऐकल्यापासून चांदसाबांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. अब्रू गेली तर गेली, असं ठरवूनच ते आज घरून निघाले होते.

त्यांनी सगळं सांगून टाकलं. गुरुशांतचा चेहरा पडला. चेतनाने पेन मिटलं. शिडी लावून तिने खांबाच्या वरच्या टोकाशी ड्रिल धरलं.

आधी पोलादाचा चुरा पडला, मग करडी भुकटी. तिने आणखी दोन ठिकाणी भोक पाडलं. तिथेही तेच.

“हा तर भरलेला आहे, चाचा. याचाही नमुना काढते.”

चांदसाब गुडघ्यांचं दुखणं विसरून स्वतः शिडी चढले. आगीत रंग जळून झाकणाचा सांधा उघडा पडला होता. त्यांचा वेल्डिंगचा टाका नेहमी एकसारखा असे. हा वेडावाकडा, जागोजागी गोळे आलेला. कुणीतरी झाकण कापून काढलं होतं आणि पुन्हा जोडलं होतं, तेही वेल्डरच्या हाताने नव्हे.

हरिबाला जाऊन तीन वर्षं झाली. जन्मभर रोज संध्याकाळी दोघं एकाच बाकड्यावर चहा प्यायले, पण पठ्ठ्याने ताकास तूर लागू दिली नव्हती.

चांदसाबांनी त्या ओबडधोबड टाक्यावरून अंगठा फिरवला.

“काय झालं, चाचा?” खालून चेतनाने विचारलं.

“काय न्हाय,” ते म्हणाले. “गवंड्याचं काम हाय, म्याडम. काढा खुशाल नमुना.”